चुकलंय, पण कुठे ते सांगणार नाही

जगात ‘तुझं चुकलं’ असं सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. घरोघरी आहेत, पुण्यात तर पेठेगणिक आहेत. पण ही मंडळी चूक सांगितल्यावर ती कुठे झाली, कशी झाली आणि हा गुण कुणाकडून आलाय, हेही सांगतात. न विचारता सांगतात. ‘चुकलं’ एवढंच म्हणून पुढे ब्र न काढणारा परीक्षक माणसांत मिळणं शक्यच नव्हतं. तो यंत्रात तयार करावा लागला. त्याला ऑनलाइन जज म्हणतात.

मी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो आणि कोडिंग क्लबच्या नावाखाली संध्याकाळी लॅब उघडी ठेवतो. त्यामुळे या न्यायदानाचा मी कायमचा साक्षीदार आहे. मुलं या प्रकाराला ‘सीपी’, म्हणजे कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंग, म्हणतात, घरचे ‘कॉम्प्युटरसमोर बसणं’ म्हणतात. व्यवहार तसा सोपा. एक प्रश्न असतो आणि त्याला एक गोष्ट चिकटवलेली असते. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ साली सुरू केलेल्या कोडशेफ या संकेतस्थळावर गोष्टीचा नायक बहुधा ‘शेफ’ असतो. या शेफला मी काही रांधताना फारसं पाहिलेलं नाही; तो बिचारा कायम ओळीने मांडलेल्या आकड्यांतून सर्वांत मोठी बेरीज शोधत असतो. गोष्टीखाली एक-दोन नमुने असतात: हे दिलं तर हे आलं पाहिजे. प्रोग्राम लिहायचा, नमुन्यावर चालवून बघायचा आणि सबमिट मारायचा. पलीकडे जजच्या पोतडीत पुष्कळ गुप्त टेस्ट असतात. त्या सगळ्यांतून पार पडलात तर ‘ॲक्सेप्टेड’. वेळ जास्त घेतलात तर ‘टाइम लिमिट एक्सीडेड’. प्रोग्रामने मध्येच मान टाकली तर ‘रनटाइम एरर’. आणि उत्तर चुकलं तर ‘राँग ॲन्सर ऑन टेस्ट टू’.

बस्स. ही टेस्ट टू काय होती, तिचं खरं उत्तर काय, आपलं काय आलं, यातलं काहीही स्पर्धा चालू असताना कळत नाही. हा निरोप आधी कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत असेल, तर बरोबर आहे. ‘पत्रिका जुळत नाही’ हा तोच निरोप. मुलाची उंची, पगार, घरातली माणसं, बोलणं, की कांदेपोह्यांच्या बशीवर त्याने मारलेला ताव, नेमकं काय नडलं ते कोणी सांगत नाही. मुलाकडचे मग आठवडाभर अंदाज बांधत बसतात आणि त्यांचे सगळे अंदाज मुलगा सोडून इतर गोष्टींबद्दल असतात. डीबगिंगची सुरुवात अशीच होते.

कोडफोर्सेस हे या क्षेत्रातलं पंढरपूर. रशियातल्या सारातोव्हच्या माइक मिर्झायानोव्ह यांनी ते उभं केलं आणि २०१० पासून तिथे स्पर्धा भरतात. त्या बहुधा मॉस्कोच्या घड्याळात संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतात. तिकडे ही ऑफिसातून सुटायची वेळ. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ८ वाजून ५ मिनिटं झालेली असतात, म्हणजे मेसमध्ये गरम पोळ्या मिळण्याची शेवटची घटका. पुढचे दोन तास राज्यभरातल्या घरांतून ‘पान वाढलंय, ये’ आणि ‘आई, दोनच मिनिटं’ हा संवाद चालू असतो. ही दोन मिनिटं कोणत्या एककात मोजतात, हे आयांना अजून कळलेलं नाही.

या क्षेत्रात नव्याने आलेल्याला पहिल्याच दिवशी एक कलिंगड दिलं जातं. कोडफोर्सेसवरचा हा प्रश्न फार प्रसिद्ध आहे. दोन मित्र एक कलिंगड विकत घेतात. त्याचं वजन १ ते १०० किलोच्या दरम्यान. त्याचे असे दोन भाग करायचे की दोन्हींचं वजन सम किलोत येईल. भाग सारखेच हवेत असं नाही. जमेल की नाही, एवढंच सांगायचं. चार वर्षांची फी भरलेला विद्यार्थी हा प्रश्न वाचून गालात हसतो. वजन सम असेल तर हो, विषम असेल तर नाही. यात विचार कसला करायचा! सबमिट. राँग ॲन्सर. आता हसू मावळतं. तो प्रोग्राम पुन्हा वाचतो. तीन ओळींचा प्रोग्राम, त्यात चूक लपायला जागाच नाही. तो डोळे बारीक करून वाचतो, मोठ्याने वाचतो, शेजाऱ्याला वाचायला देतो. दोन किलोच्या कलिंगडाचे दोन सम भाग होत नाहीत, एक-एक किलोच होतात, हे मंडईतल्या कुठल्याही फळवालीने पिशवी हातात देता देता सांगितलं असतं. पण मंडईत सबमिटचं बटण नाही, म्हणून आमच्याकडे कोणी तिला विचारायला जात नाही.

एकदा का राँग ॲन्सर आलं, की संशयाच्या पायऱ्या ठरलेल्या. इतकी वर्षं बघतोय, क्रम बदलत नाही.

पहिला संशय जजवर. ‘सर्व्हर गंडलाय.’ म्हणून तोच प्रोग्राम जसाच्या तसा पुन्हा सबमिट करायचा. कोडफोर्सेसला माणसाचा स्वभाव ठाऊक असल्याने ते ‘हाच कोड तुम्ही आधी दिला आहे’ म्हणून परत पाठवतं. त्यावर आमच्याकडचा तोडगा म्हणजे कुठेतरी एक रिकामी जागा वाढवायची आणि पुन्हा द्यायचा. कोरी जागा घातल्याने प्रोग्राम सुधारल्याचं उदाहरण नाही, पण श्रद्धा आहे.

दुसरा संशय प्रश्न काढणाऱ्यावर. ‘प्रश्नच चुकीचा आहे सर.’ शेजारी आकडा दिसत असतो: चार-पाच हजार लोकांचं बरोबर आलंय. ‘ते सगळे कॉपी करतात.’ तिसरा संशय कंपायलरवर. मग सी प्लस प्लसची आवृत्ती बदलून बघायची. चौथा हॉस्टेलच्या वायफायवर. वायफायमुळे उत्तर उशिरा पोहोचेल, चुकीचं कसं पोहोचेल, असं विचारलं तर समोरचा खिन्नपणे बघतो. पाचव्या पायरीवर कधीतरी, सगळे मार्ग खुंटल्यावर, माणूस प्रश्न पुन्हा वाचतो. आणि तिथे पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं, की शक्य नसेल तर उणे एक छापा.

सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत लोकप्रिय औषध म्हणजे प्रोग्राममध्ये जागोजागी छापून बघणं. प्रोग्राम कुठवर पोहोचला ते कळावं म्हणून मुलं मध्ये मध्ये काहीतरी छापायला लावतात. पुस्तकी मुलं त्या जागच्या आकड्यांची किंमत छापतात. साताऱ्याकडचा आमचा एक विद्यार्थी ‘इथे आलो’ असं छापायचा. पुढच्या वळणावर ‘इथे पण आलो’. चक्रात अडकला की पडदाभर ‘परत आलो, परत आलो’. एका स्पर्धेत अखेर चूक सापडली, दुरुस्त झाली, आणि त्या आनंदात त्याने ‘इथे आलो’ तसंच ठेवून सबमिट मारलं. राँग ॲन्सर ऑन टेस्ट वन. स्पर्धा संपल्यावर तपशील उघडून बघितला तर तपासनीस प्रोग्रामचा शेरा होता: पूर्णांक अपेक्षित होता, ‘इथे’ सापडलं. सारातोव्हच्या यंत्राने कदाचित आयुष्यात प्रथमच मराठी वाचलं असेल, आणि तत्काळ नापास केलं.

या औषधाचा एक विचित्र गुण आहे. कधी कधी छापणारी ओळ घातली की चूक नाहीशी होते आणि ओळ काढली की परत येते. असं झालं की मुलं ती ओळ ठेवूनच काही जमतं का ते बघतात. कारण बहुतेक वेळा साधं असतं: एखाद्या चलाला सुरुवातीची किंमतच दिलेली नसते. आपल्या लॅपटॉपवर तिथे योगायोगाने शून्य असतं, जजकडे आधीच्या कुणाचा तरी कचरा असतो. ‘माझ्या मशीनवर चालतंय सर’ या जगप्रसिद्ध वाक्याच्या मुळाशी पुष्कळदा हा योगायोग असतो.

दुसरं हुकमी दुखणं म्हणजे ओव्हरफ्लो. सी प्लस प्लसमधल्या साध्या ‘इंट’मध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. २१४ कोटी ही मध्यमवर्गीय घरात पुरेशी रक्कम वाटते. पण प्रश्नात लाख वस्तू आणि प्रत्येकीची किंमत लाख, असं आलं की गुणाकार हजार कोटींवर जातो. तो मावत नाही. मावत नाही हे संगणक सांगतही नाही. मावेल तेवढं ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. लाख गुणिले लाखचं उत्तर मग बहुतेक मशीनवर १,४१,००,६५,४०८ असं मिळतं. आलं असतं उणे काहीतरी, तर शंका तरी आली असती. १४१ कोटी म्हणजे साधारण भारताची लोकसंख्या. इतका भारदस्त, ओळखीचा वाटणारा आकडा चुकीचा असेल असं कुणाच्या मनात येणार?

यावर मुलांनी शोधलेला उपाय म्हणजे प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: जिथे जिथे ‘इंट’ दिसेल तिथे ‘लाँग लाँग’ वाचावं. म्हणजे सगळे आकडे एकजात मोठ्या घरात राहायला जातात. पण खुद्द मुख्य फंक्शनच्या आधीही ‘इंट’ लिहायचं असतं. तेही ‘लाँग लाँग’ होतं आणि कंपायलर अडून बसतो. म्हणून तिथे तेवढं ‘साइन्ड’ लिहायचं. कोडच्या शेवटी ‘साइन्ड मेन’ दिसलं की समजावं, हे लेकरू कधीतरी पोळलेलं आहे.

पोळलेल्यांत मोठमोठी मंडळी आहेत. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे नवंकोरं रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबायला गेल्याचा तो परिणाम. आणि जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीर केलं, की जावा भाषेच्या ग्रंथालयात त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये नऊएक वर्षं एक चूक मुक्कामाला होती. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, एवढीच ती ओळ. टोकं फार मोठी असली की बेरीज मावत नव्हती. हे दोन्ही किस्से मी वर्गात सांगतो. मुलांनी सावध व्हावं ही अपेक्षा असते. मुलं मात्र ‘त्यांचंही चुकलं ना, मग!’ असं म्हणून निर्धास्त होतात.

वेळेच्या मर्यादेचं दुखणं वेगळं. तिथे चूक नसते, बेहिशेब असतो. संगणक सेकंदाला दहाएक कोटी साध्या क्रिया करतो असा ढोबळ हिशेब धरतात. दोन लाख आकडे असतील आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची म्हटली तर चार हजार कोटी गाठी होतात. म्हणजे चारशे सेकंद. प्रश्नात दिलेले असतात दोन. इथे मुळातली रीतच बदलायला हवी. पण मुलं आधी ओळ संपवण्याची पद्धत बदलतात, मग आकडे वाचण्याचा वेग वाढवणारा एक मंत्र वरती लिहितात. चारशेचे तीनशे नव्याण्णव होतात आणि मुलगा आशेने पुन्हा सबमिट मारतो.

मग लॅब बंद करायची वेळ होते आणि आमचे शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे राहतात. ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या १९९९च्या पुस्तकामुळे एक युक्ती जगभर पसरली: टेबलावर रबराचं बदक ठेवायचं आणि त्याला आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगायचा. आमच्याकडे बदकासाठी बजेट नाही. एकदा लातूरची एक विद्यार्थिनी तासभर अडून बसली होती. मामा म्हणाले, ‘ताई, चला आता.’ ती म्हणाली, ‘मामा, एकच मिनिट, हे बघा ना.’ आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागली. मामा जुडगा हातात धरून अतिशय गंभीरपणे पडद्याकडे बघत होते. ‘इथे आपण बाहेरच्या लूपमध्ये आलो... मग आतला लूप... मग हा आय वाढवला... अय्या! मी दोन्हीकडे आयच वाढवतेय!’ तिने एक अक्षर बदललं, सबमिट मारलं, हिरवं आलं. लॅबभर टाळ्या पडल्या. मामा माझ्याकडे वळून घाबरून म्हणाले, ‘सर, मी काय बी केलं नाय.’ तेव्हापासून सात वाजले की मामांसमोर रांग लागते. मामांनाही आता ऐट आली आहे. ‘थोडक्यात सांगा,’ म्हणतात, ‘माझी पीएमटी जाईल.’

आयसीपीसी या सांघिक स्पर्धेत तर हा सोहळा तिघांचा असतो. तीन जण, पाच तास आणि संगणक एकच. अखेर जो प्रश्न सुटतो त्याच्या खात्यात प्रत्येक चुकीच्या उत्तरापोटी वीस मिनिटांचा दंड. एक जण कळफलकावर असताना दुसऱ्याला आपली चूक शोधायची असेल, तर तो कोड कागदावर छापून घेतो आणि पेनाने शोधतो. संगणकशास्त्रातली सर्वांत हुशार पोरं हॉलच्या कोपऱ्यात कागदावर रेघोट्या मारत बसलेली मी पाहिली आहेत. एरवी कागदावर प्रोग्राम लिहायला लावणाऱ्या विद्यापीठाच्या परीक्षेला हीच पोरं मागासलेली म्हणतात.

दुसऱ्याची चूक शोधण्याची गोष्ट मात्र निराळी. कोडफोर्सेसच्या अनेक फेऱ्यांत आपलं उत्तर कुलूपबंद करून त्या प्रश्नावरचे आपल्या खोलीतल्या इतरांचे प्रोग्राम वाचता येतात. एखाद्याला आडवं करणारी टेस्ट शोधून दिली की शंभर गुण. नेम चुकला तर पन्नास गुण वजा. स्वतःच्या वीस ओळींत तासभर आंधळे असलेले लोक दुसऱ्याच्या दोनशे ओळींत अर्ध्या मिनिटात बोट ठेवतात. हे गुण मुलांना विशेष वाटतात. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हे काम वर्षानुवर्षं विनामूल्य चालू आहे.

स्वतःची चूक शोधण्याचा खरा उपाय एकच आहे आणि तो कुणालाच आवडत नाही. आपल्या हुशार प्रोग्रामशेजारी एक भोळा प्रोग्राम लिहायचा. त्यात युक्ती नको, वेगाची फिकीर नको. सगळ्या शक्यता एकेक करून तपासेल असा, दुसरीतल्या मुलालाही पटेल असा. मग तिसऱ्या एका प्रोग्रामने तीन-चार आकड्यांचे छोटे छोटे प्रश्न आंधळेपणाने तयार करायचे आणि दोघांची उत्तरं ताडून बघायची. जिथे वाद झाला तिथे थांबायचं. मुलांना हे अपमानास्पद वाटतं. इतकी सुंदर रीत काढल्यावर तिचा न्याय या बावळटाने करायचा?

पण बावळटच जिंकतो. सलग आकड्यांची सर्वांत मोठी बेरीज काढण्याच्या प्रश्नात एक हुशार मुलगी महिन्याभराच्या वाचनातली सगळी विद्या ओतून बसली होती. विद्येत खोट नव्हती. भोळ्या प्रोग्रामने क्षणात एक प्रश्न समोर ठेवला: एकच आकडा, उणे पाच. निदान एक आकडा घ्यायलाच हवा, म्हणून भोळा म्हणाला उणे पाच. हुशार म्हणाला शून्य. ‘आतापर्यंतची सर्वांत मोठी बेरीज’ तिने शून्यापासून सुरू केली होती, कारण समोर सगळेच उणे असतील ही शक्यता तिच्या मनातच आली नव्हती. नुकतीच पहिलं मतदान करून आलेली मुलगी होती. सुचायला हरकत नव्हती.

माझं एवढ्या वर्षांचं निरीक्षण असं, की चूक कधीच हुशारीच्या ओळीत नसते. त्या ओळीवर लेखकाचं प्रेम असतं, ती तो चाळीसदा वाचतो. चूक असते ती हाताला सवयीने येणाऱ्या, न बघता लिहिलेल्या ओळीत. आधीच्या प्रश्नाचे आकडे नव्या प्रश्नाआधी पुसले नाहीत. शेवटचा एक मोजायचा राहिला. ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’ हवं होतं. शोधणारा मात्र गावभर दिवा घेऊन फिरतो. फक्त उंबरठ्यावर बघत नाही, कारण तिथून तर रोजच जातो.

आणि मग हिरवा रंग येतो. ॲक्सेप्टेड! त्या क्षणी माणसात जो पालट होतो तो बघण्यासारखा असतो. दहा मिनिटांपूर्वी सर्व्हरला शिव्या घालणारा आता खुर्चीत मागे रेलतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, ‘अरे, ते तर उघड होतं.’ त्याला मी एवढंच सांगतो, की ॲक्सेप्टेड म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असं नव्हे. जजला तुझी चूक पकडता आली नाही, इतकंच. कित्येक स्पर्धांत काही टेस्ट मागे ठेवलेल्या असतात; स्पर्धेनंतर त्या लावल्या की संध्याकाळचं हिरवं मध्यरात्री लाल झालेलं आम्ही पुष्कळ पाहिलंय. तो ऐकून घेतो. हिरव्या रंगानंतर माणूस फार मोठ्या मनाचा होतो.

या सगळ्यातून तावून सुलाखून निघालेली मुलं पुढे नोकरीला लागतात. अशाच एकाचा, आता हिंजवडीत असलेल्या, परवा फोन आला. कॉलेजात असताना जजच्या माणुसघाणेपणावर तो तासतासभर बोलायचा. आवाज खोल गेला होता.

‘काय रे, काम कसं चाललंय?’

‘चूक शोधतोय सर, तीन दिवस. क्लायंटचा एका ओळीचा मेल आलाय, चालत नाहीये म्हणून.’

‘काय चालत नाहीये?’

‘ते त्याने लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, काहीच नीट चालत नाहीये.’

‘मग?’

‘मग काही नाही सर. तो जज फार सज्जन होता. निदान टेस्टचा नंबर तरी सांगायचा.’